चारचा आकडा

मालकाकडे चारचे आकडे तीनच होते.
भाव दोन, पाटीच्या बाजू दोन.
इतकी वर्षं चार लागलाच नव्हता कधी.
चौथा मी काळ्या चिकटपट्टीने केला,
जुन्या एकच्या पाठीवर,
आणि लांब काठीने वर चढवला.
पाय जरा वाकडा आला त्याचा.
शेवटचा तो बारीक नऊ-दशांश मात्र
कायमचा रंगवलेला. तो कधी उतरत नाही.

रूट बावीस, न्यू जर्सी.
इथे आपल्या हाताने पेट्रोल भरायचं नाही, असा कायदा आहे,
म्हणून मी आहे.
शर्टावर डॅरेल लिहिलंय, तो माझ्याआधीचा.
मी विल्मर, कुएन्काचा,
पण हाकेला ओ देतो.

आधी काचा दोन बोटं उघडायच्या.
फटीतून थंड हवा, अत्तर, आणि कार्ड.
‘फुल्ल. प्रीमियम.’
चेहरे मला ठाऊक नव्हते,
टाक्यांची झाकणं ठाऊक होती:
कुठलं डावीकडे, कुठलं दाबून उघडतं.

जूनमध्ये काचा खाली यायला लागल्या.
पार खाली.
एस्कलेडवाली बाई ‘वीसचं’ म्हणाली,
औषधाच्या दुकानात नको ते मागावं तसं, हळू.
वीसमध्ये त्या गाडीचा काटा
नुसती कूस बदलतो.
पोर्शेवाला पोरगा चिल्लर मोजत राहिला.
मागच्या ट्रकने हॉर्न दिला नाही,
तोही मोजत असावा.

दातांचे डॉक्टर हॅलोरन, काळी मर्सिडीज,
बारा सिलिंडर,
इंजिन बंद करून खाली उतरले.
त्यांचे पाय मी पहिल्यांदा पाहिले:
तपकिरी बूट, एक नाडी सुटलेली.
“समजा, साधं घातलं तर?”
झाकणाच्या आत लिहिलं होतं, ‘फक्त प्रीमियम’.
आम्ही दोघांनी ते वाचलं.
मी म्हणालो, डॉक्टर, दाढेत तुम्ही स्वस्त सिमेंट भरता का?
हसले नाहीत.
मग हसले. खरं नाव विचारलं.

“तुझी गाडी कोणती, विल्मर?”
मी मागे बोट दाखवलं: कोरोला,
एक दार निळं, बाकी पांढरी.
“ॲव्हरेज किती देते?”
“चौतीस.”
शेजाऱ्याचा मुलगा कुठे नोकरीला लागला
ते ऐकावं, तसं त्यांनी ऐकलं.
त्यांची अकरा.
हायवेला साडेबारा, हे घाईने जोडलं.

मग ते हवेच्या मशीनपाशी गेले.
पाऊण डॉलर घातला.
टायर घट्ट असले की गाडी थोडं कमी पिते,
असं कुणीतरी सांगितलं होतं.
सुटातला माणूस गुडघे टेकून बसला
आणि नळीचं तोंड वॉल्व्हवर धरलं,
बाळाच्या हिरडीवर बोट फिरवावं तसं, सावकाश.
फुस्सकन हवा गेली. पुन्हा धरलं.
चारही चाकं.
मदत करू का, मी विचारलं नाही.
का, ते अजून सांगता येत नाही.

मला गॅलनमागे काही मिळत नाही.
चार असो, दोन असो, तासाचे तेवढेच.
घरी बायको म्हणाली, जिरली का मोठ्यांची?
आणि तांदळाचा नवा भाव सांगितला.
तांदूळही ट्रकनेच येतो.
कुणाची जिरली, ते ताटावर कळलं.

नोव्हेंबरात भाव कोसळला.
काठीने मी चार उतरवले, तीन लावले, मग दोन.
मर्सिडीज आली. काच दोन बोटं.
‘फुल्ल. प्रीमियम.’
“थँक्यू, डॅरेल.”

पण निघताना,
पंपापासून रस्त्यापर्यंत जो जरासा उतार आहे,
तेवढ्यावर त्यांनी ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही.
एवढी मोठी गाडी नुसती घरंगळत गेली,
आवाज न करता.

मालक म्हणाला, चारचे आकडे माळ्यावर टाक.
तीन टाकले.
माझा, चिकटपट्टीचा,
दारामागे टेकवून ठेवलाय.